घाटांचे गाव : प्रस्तावना

वाई क्षेत्रासंबंधी आजवर जे लेखन झाले त्यातील बहुतेकांनी या नगराची ओळख तेथील देवालयांवरून करून दिली आहे. आणि ढोल्या गणपतीची ती प्रचंड एकसंध मूर्ती, काशीविश्वेश्वराच्या प्रांगणातील काळ्या पाषाणाचा नंदी, महालक्ष्मीचे शिखर यांचा प्रभावच असा आहे की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम त्यांच्यावर खिळावी, यात अस्वाभाविक असे काही नाही. प्रस्तुत पुस्तकातील लेख, नकाशे आणि रेखाचित्रे ज्या भूमिकेतून सिद्ध झाली आहेत ती मात्र थोडी निराळी आहे. वाईचे ऐतिहासिक स्वरूप म्हणून जे काही रक्षणीय आहे ते म्हणजे हे नगर आणि कृष्णा नदी यांच्यात शतकानुशतके चालत आलेला व्यवहार होय. तो व्यवहार एकदा खंडित झाला तर एकेक देऊळ जागच्या जागी सुरक्षित उभे असूनही वाई या नावाने आपण जे ओळखतो ते उरणार नाही, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे, आणि ते मला पूर्णतः मान्य असल्यामुळेच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी आनंदाने स्वीकारले.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा जोरच्या खोऱ्यातून उतरून धोमवरून वाईस येते तेव्हा ती अद्याप लहान, उथळ आणि खडकाळ पात्राची नदी असते. उत्तरेस पांडवगड, नैर्ऋत्येस पसरणीच्या घाटामागे पाचगणीचे पठार, आग्नेयेस वैराटगड आणि गावाच्या माथ्याशी सोनजाईचा डोंगर, अशा डोंगरांच्या कोंदणात नदीच्या डाव्या तीरावर ही वस्ती वाढली. पांडवांच्या अज्ञातवासातील विराटनगरी ती हीच, अशी स्थानिक श्रद्धा आहे आणि तिला इतिहासाचा आधार मागण्याचे कारण नाही. इतिहासात वाई ठळकपणे येते ती आदिलशाहीतील एका सुभ्याचे ठिकाण म्हणून. अफझलखान येथील सुभेदार होता, आणि १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला तो याच मुलखात तळ देऊन पुढे प्रतापगडाकडे गेला. त्या संकटात महाराजांना यश यावे म्हणून येथील शेंडे घराण्यातील एका शास्त्र्यांनी कृष्णामाईला नवस केला आणि त्यातून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा वाईत आजही सांगितली जाते. परंपरेतील तपशिलाविषयी कोणाचे काहीही मत असो, एका राजकीय अरिष्टात या गावाने धाव घेतली ती कोणा उग्र दैवताकडे नव्हे, तर दारातून वाहणाऱ्या नदीकडे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आज दिसणारी वाई घडविली ती मात्र पेशवाईतील रास्ते घराण्याने. मूळचे गोखले असलेल्या या घराण्यातील भिकाजी नाईक यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. तेव्हा पुण्याच्या दरबारातील वैभवाचा एक प्रवाह वाईकडे वळला हे साहजिकच होते. पंचवीस वर्षांच्या आत येथे पाठोपाठ बांधकामे झाली. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देवालय बांधले, गणपतराव भिकाजी यांनी १७६२ मध्ये गणपतीचे, आणि १७७८ मध्ये आनंदरावांनीच महालक्ष्मीचे. पैकी १७६२ हे साल क्षणभर मनात धरून ठेवण्यासारखे आहे, कारण पानिपतानंतर अवघ्या वर्षभरात, मराठी मुलखातील घरोघरी सुतक असताना, नदीच्या काठावर असे बलदंड देवालय पुरे करण्याचे धैर्य त्या पिढीजवळ होते.

त्या गणपतीच्या देवालयाकडे वाचकाने एकदा पाठीमागून पाहावे अशी माझी विनंती आहे. दर्शनास जाणारा मनुष्य समोरून जातो, मूर्तीपुढे हात जोडतो आणि परत फिरतो. त्यामुळे या वास्तूतील सर्वांत बुद्धिमान भाग त्याच्या नजरेस पडतच नाही. गाभाऱ्याची मागील भिंत सरळ नाही. ती दोन्ही बाजूंनी निमुळती होत जाऊन मत्स्याकार झाली आहे, आणि ही रचना शोभेसाठी नाही. पावसाळ्यात कृष्णा फुगून घाटाच्या पायऱ्या गिळत वर आली की तिचा लोंढा भिंतीवर थडकण्याऐवजी या धारेवर दुभंगतो आणि देवालयाच्या दोन्ही अंगांनी निसटून जातो. पाणी कधी कधी थेट मूर्तीच्या चरणांपर्यंत चढते, चार दिवस राहते, गाळ टाकून उतरते, आणि देवालय अडीच शतकांहून अधिक काळ जसेच्या तसे आहे. नदीला अडविण्याची भाषा येथे कोणी केलेली नाही. पूर येणारच हे ज्यांनी गृहीत धरले, तो कोणत्या दिशेने व किती उंच येतो याचे निरीक्षण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि देवालाही त्या पुरात उभे करण्यात ज्यांना काही विपरीत वाटले नाही, अशा गवंड्यांचे आणि पाथरवटांचे हे शास्त्र आहे. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

घाटांची गोष्ट याहून वेगळी नाही. घाट म्हणजे नदीत उतरण्याच्या पायऱ्या एवढाच अर्थ घेऊन पाहिले तर वाईचे घाट महाराष्ट्रातील इतर अनेक घाटांसारखेच वाटतील. परंतु जरा सावकाश पाहिले म्हणजे ध्यानात येते की प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या ऋतूतील पाण्याची पातळी आहे. सर्वांत खालचे टप्पे वैशाखात उघडे पडतात. त्यावरचे रुंद चौथरे कीर्तनाला, वाळवणाला, संध्येला, आणि नुसते बसून बोलण्याला. त्याहून वर बुरुजासारखे भक्कम कोपरे, ज्यांच्या आधाराने गावाची मातीची धार खचत नाही. आणि अगदी वर, जेथे पुराचे पाणी क्वचितच पोहोचते तेथे, वाड्यांची जोती सुरू होतात. घडीव काळा दगड, त्यातील चुन्याच्या दरजा, मध्येच एखादी देवळी, दगडात कोरलेली पावले, शिवलिंग किंवा एखादे कासव, हे सारे हाताने चाचपून पाहण्यासारखे आहे. काही पायऱ्यांच्या कडा असंख्य पावलांनी आणि धुण्यांनी झिजून गोलसर झाल्या आहेत. या झिजेवर अलीकडे ठिकठिकाणी सिमेंटचा गिलावा चढविण्यात आला, आणि तो चढविणाऱ्यांना आपण घाटाची दुरुस्ती करीत आहोत असेच मनापासून वाटत होते. चुना पाणी शोषतो आणि परत सोडतो. तो दगडाबरोबर किंचित हलतो. सिमेंट हलत नाही, ओल आत कोंडून ठेवते, आणि काही पावसाळ्यांनंतर दगडाचाच कपचा घेऊन निखळते. जुन्या कामाला नवे साहित्य लावताना ते मुळाहून अधिक कठीण नसावे, हा वास्तुरक्षणातील अगदी प्राथमिक नियम आहे, आणि आपल्या नगरपालिकांच्या निविदांमध्ये त्याचा मागमूस नसतो.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड या वाईच्या सात आळ्या. प्रत्येक आळीला आपला घाट, आणि प्रत्येक घाटाचा आपला कृष्णाबाईचा उत्सव. हिवाळा सरता सरता एका आळीत मांडव पडतो, देवीची मूर्ती तिच्या नेहमीच्या घरून वाजतगाजत घाटावर येते, कीर्तने, प्रवचने, गायन, लळित आणि प्रसादाच्या पंगती होतात, आणि एका आळीचा उत्सव संपला की पुढच्या आळीचा सुरू होतो; असा हा क्रम उन्हाळ्यापर्यंत चालतो. या काळात नदीचे पात्र उतरलेले असते म्हणून पंगती आणि श्रोते दोन्ही मावतात. याचा अर्थ असा की उत्सवाचे पंचांग, घाटाची मोजमापे आणि नदीचे चढउतार या तिन्ही गोष्टी परस्परांशी जुळवून घेतलेल्या आहेत; पैकी एकीला धक्का लावला तर उरलेल्या दोन्ही निराधार होतात. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना घाट मोजता येतो, लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांना उत्सव नोंदता येतो, जलतज्ज्ञांना प्रवाह मोजता येतो. परंतु तिघांनी एकत्र बसून एक नकाशा केल्याचे उदाहरण विरळा. प्रस्तुत पुस्तकात तसा प्रयत्न झाला आहे, आणि माझ्या मते हेच त्याचे मुख्य श्रेय आहे.

वाईच्या वर काही अंतरावर मेणवली आहे. नाना फडणविसांना इनाम मिळालेल्या या गावी त्यांनी बांधलेला वाडा, मेणेश्वराचे देवालय आणि चंद्रकोरीच्या आकाराचा घाट हे सर्व एकाच हाताने आखल्यासारखे सुसंगत आहे. देवालयाजवळ टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज चर्चमधील असून तिच्यावर १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटांपैकी ही एक होय. समुद्रकाठच्या किल्ल्यातून निघालेली ही घंटा सह्याद्री चढून एका लहानशा नदीकाठच्या घाटावर येऊन विसावली, यात त्या काळच्या मराठी राज्याचा विस्तार जितका दिसतो तितका एखाद्या तहनाम्यात क्वचितच दिसावा. याच वाड्यातील नानांचे दप्तर साताऱ्याचे इतिहासकार दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या परिश्रमाने जतन झाले आणि आज ते पुण्यास डेक्कन कॉलेजात अभ्यासकांना उपलब्ध आहे. कागद गोळा करणारा एक मनुष्य निघाला म्हणून मेणवली दप्तर वाचले. दगडांच्या वाट्याला असा संग्राहक येत नाही, कारण दगड उचलून दप्तरखान्यात ठेवता येत नाहीत. ते जेथे आहेत तेथेच त्यांची राखण करावी लागते.

लोहमार्ग वाठारवरून गेल्यामुळे वाई रेल्वेच्या वाटेबाहेर राहिली आणि एकोणिसाव्या शतकातील व्यापाराच्या उलाढालीत तिचे रूप फारसे पालटले नाही. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांच्या पत्नीने महाबळेश्वरास येताजाता वाई पाहिली आणि १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात तिच्या सौंदर्याची मुक्तकंठाने स्तुती केली, ती याच अविकल राहिलेल्या रूपाची होय. परंतु हे नगर केवळ जुन्यात रमलेले होते असे समजणे चूक ठरेल. नारायणशास्त्री मराठे, अर्थात पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. तिच्यातून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा शास्त्राधारानेच अस्पृश्यतेला विरोध करणारा पंडित निघाला. धर्मकोशाचे प्रचंड काम येथून सुरू झाले. आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुणे सोडून वाईसारख्या लहान गावी राहिले; त्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. ही परंपरा ध्यानात घेतली म्हणजे एका आक्षेपाचे उत्तर देणे सोपे जाते. जुन्या आळ्यांचे आणि घाटांचे रक्षण म्हणजे ज्या समाजरचनेत काही घाटांवर काही माणसांना पाय ठेवता येत नव्हता त्या रचनेचे रक्षण नव्हे. पाणवठ्याची वाटणी जातीनुसार झाली होती हे सत्य या पुस्तकाने झाकलेले नाही, आणि ते झाकून केलेला वारशाचा कोणताही गौरव मला अप्रामाणिक वाटला असता. वारसा सर्वांचा करावयाचा तर प्रथम घाट सर्वांचे असले पाहिजेत, आणि नदी सर्वांना स्नान करण्याइतकी निर्मळ असली पाहिजे.

दुर्दैवाने नेमकी तीच गोष्ट आज शिल्लक नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वाईच्या वर धोम येथे धरण झाले. सुमारे साडेतेरा अब्ज घनफुटांच्या या जलाशयाने सातारा जिल्ह्यातील फार मोठ्या क्षेत्राला पाणी दिले, आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो कालवा गेला त्याच्यापुढे घाटाच्या सौंदर्याची महती सांगत बसण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि धरणाने नदीचे ऋतू बदलले हेही तितकेच खरे आहे. पूर्वी ज्या प्रवाहाने गाळ आणि घाण आपल्याबरोबर पुढे नेली असती तो प्रवाह आता दरवाजांच्या हिशेबाने सुटतो. उन्हाळ्यात गावाशेजारी उरते ते संथ, साचलेले पाणी, आणि त्यात गावाचे सांडपाणी मिसळले की जलपर्णी माजते. घाटाच्या पायरीवर उभे राहून खाली पाहिले असता पाण्याऐवजी हिरवा गालिचा दिसावा आणि त्याला दुर्गंधी यावी, हे दृश्य वाईकरांना नवे राहिलेले नाही. याविरुद्ध काही नागरिक सुटीच्या दिवशी कुदळ-घमेली घेऊन पात्रात उतरतात आणि श्रमदान करतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात अत्यंत आदर आहे. पण सांडपाणी शुद्ध करून मगच नदीत सोडणे हे नगराच्या कारभाराचे काम आहे, आणि ते कोणाच्या श्रमदानावर सोपविता येणार नाही.

दुसरा आघात वाड्यांवर झाला. चौसोपी वाड्याचे हिस्से पडत पडत एकेका खणाला एकेक मालक झाला. भाडेकरू जुन्या दराने राहिले. सागवानाच्या तुळईला वाळवी लागली तर ती बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न न्यायालयात पडून राहिला. आणि शेवटी सर्वांनी मिळून जागा विकसकाच्या स्वाधीन केली. यात दोष कोणा एकाचा नाही. जो मनुष्य गळक्या कौलांखाली भांडी मांडून पावसाळा काढतो त्याला वारशाचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे आहे. परंतु त्या वाड्याच्या जागी जी इमारत उभी राहते ती घाटाच्या ओळीहून दोनतीन मजले उंच असते, तिची पाठ नदीकडे असते, आणि तिच्या सांडपाण्याच्या नळाचे तोंडही नदीकडेच असते. पलीकडच्या तीरावरून पाहताना जी आकाशरेषा देवळांच्या शिखरांनी आखलेली होती तिच्यात आता पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे डोके काढून आहेत.

या परिस्थितीत कायद्याचे साहाय्य किती, हे पाहू लागले म्हणजे एक विचित्र उणीव दृष्टीस पडते. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा २०१० मध्ये दुरुस्त झाला आणि त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामास मनाई व त्यापुढील दोनशे मीटरांत नियंत्रण आले. हा नियम स्मारकाला एक बिंदू मानतो आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढतो. नदीकाठचे नगर बिंदू नसते. त्याची शोभा ओळीची असते, आणि वर्तुळाबाहेर पडलेल्या एका बेढब इमारतीने ती संपूर्ण ओळ भंगते. दुसऱ्या बाजूस जलसंपदा खात्याच्या पूररेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्या आधारे कोठे बांधावे व कोठे बांधू नये हे ठरते. परंतु ही रेषा जीवित व वित्त यांच्या रक्षणासाठी आखलेली आहे. तिला देवळाची मत्स्याकार भिंत आणि कालपरवा घातलेली पत्र्याची शेड यांतील फरक कळत नाही. स्मारकाचा कायदा नदी पाहत नाही, आणि नदीचा नियम स्मारक पाहत नाही. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे प्रत्यक्ष वाई, कोणाच्याच ताब्यात नाही.

जगात इतरत्र या उणिवेचा विचार झाला आहे. स्मारके व स्थळे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००५ मध्ये चीनमधील शिआन येथे एक जाहीरनामा केला आणि वास्तूचा परिसर, तिच्याकडे जाणाऱ्या वाटा, तिच्यापासून दिसणारे दृश्य आणि तेथील चालीरीती हे सर्व त्या वास्तूच्या महत्त्वाचेच अंग होय, असे स्पष्टपणे मान्य केले. युनेस्कोने २०११ मध्ये ऐतिहासिक नगरदृश्याविषयी शिफारस करताना हेच सूत्र पुढे नेले. आपल्या सातारा जिल्ह्यातील प्रतापगड २०२५ मध्ये मराठ्यांच्या सामरिक भूदृश्याचा घटक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. तेथे किल्ला आणि त्याच्या भोवतालचा डोंगरी मुलूख यांचा एकत्र विचार करण्यात आला आहे. जो न्याय किल्ल्याला आणि त्याच्या डोंगराला लागू झाला तोच घाटाला आणि त्याच्या नदीला का लागू नये, हा प्रश्न आता विचारण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न एकट्या वाईचा नाही, हे सांगावयास नकोच. कृष्णा येथून खाली जाते तेव्हा साताऱ्याजवळ वेण्णेला भेटते, आणि त्या संगमावर माहुलीची देवळे व छत्रपती घराण्यातील समाध्या आहेत. १७४९ मध्ये निवर्तलेल्या शाहू महाराजांची समाधी तेथेच, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे गावही तेच. कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येते, जेथे संगमेश्वराचे देवालय आहे, आणि जेथे जमिनीतील पेवांत हळद साठविण्याची पिढीजात कला होती. २००५ च्या महापुरात ती पेवे पाण्याखाली गेली आणि त्यांचा मोठा नाश झाला. सांगली हे १८०१ पासून पटवर्धन संस्थानिकांच्या राजधानीचे ठिकाण होते. तेथील गणपतीचे मंदिर चिंतामणराव अप्पासाहेबांनी बांधावयास घेतले तेव्हा नदीच्या सान्निध्याचा विचार करून जागा भराव घालून उंच केली. पुढे १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला आणि त्याच्यापाशी नोंदविली जाणारी पाण्याची उंची हा साऱ्या शहराच्या चिंतेचा विषय बनला. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, आणि जुन्या गावठाणाच्या उंचवट्याला न जुमानता ओढे-नाले व पूरपट्टे भरून उभारलेल्या नव्या वसाहतींची जी अवस्था झाली ती महाराष्ट्राने पाहिली. जुन्या लोकांनी घर बांधण्यापूर्वी नदीला विचारले, नव्यांनी विचारले नाही, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. ऐतिहासिक स्वरूपाचे रक्षण हा हौशी लोकांचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन काळांतील जोत्यांची उंची मोजून पाहावी.

काय करता येईल याविषयी पुस्तकाच्या अखेरच्या भागात सविस्तर विवेचन आहे, त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. एकदोन गोष्टी मात्र मला आग्रहाने सांगावयाच्या आहेत. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची यादी करण्याची आणि वारसा परिसर निश्चित करण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग करून सातही आळ्यांचा नदीकाठ, मेणवलीपर्यंतचे पात्र आणि पलीकडच्या तीरावरील मोकळी जागा हा एकच अखंड परिसर म्हणून नोंदविला जावा. पलीकडचा तीर विशेष महत्त्वाचा आहे, कारण घाट पाहावयाचा तो तेथूनच. तेथे भिंत उभी राहिली की घाटाचा चेहरा कायमचा झाकला. दुसरी गोष्ट वाड्यांच्या मालकांविषयीची. मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क देऊन वारसा इमारतीच्या मालकाची भरपाई करता येते. वाईसारख्या लहान गावी त्या हक्काला पुरेसा भाव मिळणे कठीण. तेथे घरपट्टीत सवलत, चुना आणि लाकूड यांच्या कामासाठी थेट अनुदान, आणि जुने काम जाणणाऱ्या गवंड्यांना व सुतारांना पालिकेच्या कामांत प्राधान्य, असे साधे उपाय अधिक उपयोगी पडतील. चुना मळणारा आणि दगडाची दरज ओळखणारा कारागीर हाच या सर्व योजनेचा पाया आहे. तो म्हातारा होत चालला आहे आणि त्याच्या मुलाने दुसरा धंदा धरला आहे. त्याचे कसब पुढच्या पिढीला मिळण्याची व्यवस्था झाली नाही तर उद्या पैसा असूनही घाटाची एक पायरी नीट बसविणारा हात मिळणार नाही.

कृष्णेच्या प्रवाहाविषयीही बोलले पाहिजे. धरणातून सिंचनासाठी जसे आवर्तन सुटते तसे उन्हाळ्यात आणि उत्सवाच्या दिवसांत नदीसाठीही ठराविक पाणी सोडले जावे, आणि ते मेहेरबानी म्हणून नव्हे तर नियोजनातील एक हक्काची बाब म्हणून लिहिले जावे. शेतकऱ्याचे पाणी न तोडता हे कसे साधेल, याचे गणित जलसंपदा खात्यातील अभियंत्यांना सुटणार नाही इतके अवघड नाही; ते मांडण्यास कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

हे पुस्तक तज्ज्ञांसाठी लिहिलेले असले तरी ते वाईच्या घराघरांत वाचले जावे अशी माझी इच्छा आहे. प्रत्येक आळीने आपल्या घाटाची एक नोंदवही ठेवावी: पायऱ्या किती, कोणती केव्हा खचली, पुराचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर आले, दुरुस्ती कोणी आणि कशाने केली, उत्सवाचा मांडव कोणत्या चौथऱ्यावर पडतो. हे काम करावयास शासनाची परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही. आळीतील वृद्धांनी सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी लिहून घ्यावे, इतकेच. उद्या नगरपालिकेपुढे किंवा न्यायालयापुढे उभे राहण्याचा प्रसंग आला तर भावनेपेक्षा अशी वहीच अधिक कामास येईल. येत्या कृष्णाबाईच्या उत्सवात पहिल्या आळीने ही वही उघडावी आणि उत्सव पुढच्या आळीकडे जाताना तिनेही आपली उघडावी, अशी वाईकरांना माझी कळकळीची विनंती आहे.